तेवढा लाल दिवा काढून द्या

राजूरच्या गॅरेजात माझ्या स्कूटरचं पंक्चर निघत होतं. शेजारी एक जुनी मोटार उभी होती. तिचे मालक अण्णासाहेब, त्यांची बायको मालनबाई आणि मिस्त्री भुजंग यांचं बोलणं कानावर पडलं.

“भुजंगराव, तेवढा लाल दिवा काढून द्या.”

“साहेब, ऑइल कमी झालं की लागतो तो. मागच्याच हप्त्यात टाकल्तं मी. गळत तर कुठंच न्हाई.”

“मंग जातं कुठं?”

“इंजिन जाळून राह्यलं. मागून निळा धूर निघतो, दिसत न्हाई का?”

“मी पुढं पाहून चालवतो.”

“चौकात लोक नाकाला रुमाल लावतात,” मालनबाई म्हणाल्या.

“धुळीमुळं लावतात गं.”

“साहेब, पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील. गाडी ठेवून जा, इंजिन खोलावं लागंल.”

“आज जमत न्हाई. आमच्या दीपमालासाठी पोरगा पाहाय धावड्याला जायचंय. त्यांना आपली गाडी दिसली पाहिजे.”

“दिसंल ना. धूर तर फाट्यावरूनच दिसंल.”

“तू गप बस, मालन. पाहुणे गाडीत बसले अन् दिवा लागला, तर इज्जत जाईल. काढा हो तुम्ही.”

“काढतो. पण रस्त्यात इंजिन जाम झालं तर मला बोलू नका.”

“दिवाच न्हाई, तर जाम कशानं व्हईल?”

भुजंगनं दिवा काढून दिला.

“चल, मालन, बस लवकर. अगं, पिशवी घेऊन कुठं चालली?”

“स्टँडवर. मी एस.टी.नं येते.”

“घरची गाडी असून एस.टी.? लोक काय म्हणतील?”

“ते मी तुमच्या आधी पोचून ऐकते.”