रंग न टोचलेला उंदीर

(१९८३. कोल्हापुरातल्या एका कॉलेजची प्रयोगशाळा. दसरा होऊन पंधरवडा झालाय. संशोधक विद्यार्थिनी सरोजिनी, तिचे मार्गदर्शक नृसिंह सर, आणि उंदरांचं बघणारा केरबा.)

सरोजिनी : रंग न टोचलेला उंदीरही हिरवा दिसतोय, सर.

सर : म्हणजे टोचताना तू घोळ घातलास.

सरोजिनी : त्याला सुईच लावली नाही. रंग दुसऱ्या उंदरांच्या छातीत टोचला, थायमस ग्रंथीत. तिथल्या पेशी निघून प्लीहेत पोचल्या, तर तिथं मायक्रोस्कोपच्या निळ्या उजेडात हिरव्या चमकणार. याच्या प्लीहेत अंधार हवा होता. चांदणं पडलंय नुसतं.

सर : मग आज सांगतेस?

सरोजिनी : तो आज तपासला. तुम्हालाच पुण्याच्या परिषदेला निकाल कळवायची घाई होती.

सर : केरबा, पिंजऱ्यांत अदलाबदल केलीस?

केरबा : न्हाय. उगं माझ्यावर ढकलू नगासा.

सरोजिनी : केरबा, खंडेनवमीला मायक्रोस्कोपची पूजा झाली, तेव्हा कोऱ्या स्लाइडच्या डब्यात हळद कुणी टाकली?

केरबा : सरांनीच की. म्हणालं, डबा उघड, काचांवरबी पडू दे. मागनं पुसल्या म्या.

सरोजिनी : कशानं?

केरबा : पूजेच्याच फडक्यानं. दुसरं कुठं हाय हितं?

सर : हळदीचा काय संबंध?

सरोजिनी : आत्ता चिमूटभर टाकून त्या निळ्या उजेडात बघितली. हिरवीगार चमकते, आणि कण पेशीएवढेच. आपण मोजल्या त्यातल्या पेशी किती नि हळद किती, देव जाणे.

सर : हळू बोल. हा एक उंदीर गाळून टाक.

सरोजिनी : गाळू? तुलनेला तोच आहे, त्याच्याशिवाय बाकीच्यांना अर्थच नाही.

सर : परिषदेत उभं राहून काय सांगू, पूजेनं प्रयोग नासला? हसतील मला.

सरोजिनी : हसू देत. मला संताप कशाचा येतोय, सांगू? हळद तुम्ही टाकलीत, आणि चूक आधी माझी, मग केरबाची.

सर : निबंधावर तुझंही नाव आहे. पीएचडी नको का?

सरोजिनी : हवी. म्हणून नवा डबा फोडून सगळं परत करणार. वर्ष गेलं तर जाऊ दे.

सर : आणि मी नाही म्हटलं तर?

सरोजिनी : ते उंदीर माझ्या हातानं मारलेत, सर. त्यांच्या जिवावर खोटं लिहिणार नाही.

सर : ...पुण्याला काय कळवू मग?

सरोजिनी : कळवा, की आम्हाला अजून काहीच दिसलेलं नाही.