हाताचं माप

धरणगाव स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर मायलेकी बोलत होत्या. मुलगी जळगावला एम.टेक. करते, मेकॅनिकल डिझाइनमध्ये.

"हेमांगी, तुना कंप्युटरमा कोनतं मशीन शे?"

"जिनिंगचं, माय, सरकी काढायचं. तू कापूस घालायचीस, तसंच. पण हात जवळ गेला की हे थांबतं. आधी पडद्यावर जमवायचं, मग खरं बनवायचं."

"मंग त्यामा हात कोना घालस?"

"तुझाच. बांगड्यांसाठी म्हणून तुझ्या हाताचं माप घेतलं होतं ना, ते याच्यासाठी. याच हातानं शिकवलंस मला."

"दोन बोटं तं तशाच मशीनमा गयात. तठे बी तीनच का?"

"नाही, माय. पाचही ठेवलीत."

"मंग बांगड्या बी घाल त्या हातमा. हिरव्या."