ओल्या पाऱ्याची वात

पुरवणी जबाब. नाव पहिल्या जबाबात लिहिले आहे तेच. गावात मला सगळे 'पारा' म्हणतात आणि आता तेच खरे नाव होऊन बसले आहे. वय बावन्न वर्षे. धंदा नोकरी, डोंगरावरच्या हवामान चौकीत निरीक्षक, सव्वीस वर्षे. राहणार चौकीच्या मागची खोली, एकटा.

आज मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता कोणीही न बोलावता मी ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की, गेल्या शुक्रवारी याच टेबलापाशी बसून मी जो जबाब दिला, त्यातल्या दोन गोष्टी खोट्या आहेत आणि एक गोष्ट मी सांगितलीच नाही. त्या जबाबावरून माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान कोठडीत आहेत. त्यांचा यात काही दोष नाही. हवालदार म्हणाले, "आधी बसा, पाणी प्या, मग सावकाश सांगा." मी पाणी प्यालो.

माझे काम असे आहे. चौकीच्या अंगणात चार पायांवर एक पांढरी झडपांची पेटी उभी आहे. तिच्यात दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले आहेत. एक नुसता, त्याला कोरडा पारा म्हणतात. दुसऱ्याच्या फुग्यावर सुती कापडाची वात बांधलेली असते आणि वातीचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेले असते. तो ओला पारा. हवा कोरडी असली की वातीतले पाणी भराभर उडते आणि ओला पारा खाली उतरतो. कोरड्यातून ओला वजा करायचा. वजाबाकी मोठी आली की वणव्याचा धोका मोठा. रोज दुपारी एक वाजता हे आकडे नोंदवहीत लिहून मी खाली फाट्यावर जातो आणि तिथल्या पाटीवरचा लाकडी काटा हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगावर फिरवतो. काटा हिरव्यावर असेल त्याच दिवशी लोकांना बागेतले गवत जाळता येते. त्यासाठी निराळा कागद लागत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटते, वणवा म्हणजे उन्हाळा. आमच्याकडे खरा धोका वसंतात असतो. बर्फ वितळते, खाली गेल्या वर्षीचे गवत मेलेले, पिवळे, उतारावर चापून बसलेले असते, आणि नवे गवत उगवायला पाच-सहा आठवडे असतात. शिखरावर अजून पांढरे दिसते म्हणून सगळे निर्धास्त. त्यात दुपारी खिंडीतून कोरडा वारा सुटतो. नेमके याच आठवड्यांत सफरचंदवाल्यांना झाडांखालचे वाळके गवत जाळावे लागते, नाहीतर त्यात उंदीर राहतात आणि खोडांची साल कुरतडतात. हे सगळे मी दरवर्षी शाळेत जाऊन पोरांना सांगतो. माझ्याइतके हे कोणाला पाठ नाही.

गेल्या आठवड्यात सोमवारी वात बदलायची होती. वातीचे कापड संपले होते. वरिष्ठ कार्यालयाकडे दोनदा मागणी केली होती, उत्तर आले नव्हते. हे मी सबब म्हणून सांगत नाही, विचाराल म्हणून सांगतो. मी बहिणीकडे गेलो. ती उशांचे अभ्रे शिवत होती. तिने वीतभर कापड कापून दिले आणि म्हणाली, "कोरं आहे रे, आधी धुऊन घे." कोऱ्या कापडाला खळ असते. खळ असलेली वात पाणी नीट ओढत नाही, म्हणून ती अर्धा तास उकळून घ्यायची असते. हा नियम चौकीच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे. एक वाजायला आला होता. मी वात तशीच बांधली, संध्याकाळी उकळू म्हटले. संध्याकाळी विसरलो. दुसऱ्या दिवशी आठवले, पण आकडे येत होते, मग राहू दिले. बुधवारी आठवलेसुद्धा नाही.

गुरुवारी एक वाजता कोरडा पारा एकोणीस होता आणि ओला पंधरा. वजाबाकी चार. म्हणजे हिरवा. माझे ओठ फुटून सकाळपासून रक्त येत होते. हिवाळाभर फुगून अडकणारे खोलीचे दार त्या दिवशी बोटाने लागत होते. मी ओठांना तूप लावले आणि वहीत चार लिहिले. सव्वा वाजता काटा हिरव्यावर केला.

भावोजी फाट्यावर उभेच होते. त्यांची बाग फाट्याच्या वरच्या उतारावर आहे. ते मला 'खातं' म्हणतात, 'हवामान खातं' यातला पहिला शब्द गाळून.

"काय खातं, आज काय हुकूम?"

"दिसत नाही का? हिरवा."

ते वर खिंडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, खरंच का? मला तर हवा कोरडी वाटते. गवत हातात घेतलं की भुगा होतोय. आजचा दिवस थांबू का?"

मी म्हणालो, "भावोजी, हवा वाटून चालत नाही, मोजावी लागते. मोजायचं काम माझं, जाळायचं तुमचं."

ते हसले. "बरं बाबा, तुझ्यापुढे कोण बोलणार," असे म्हणून पाण्याचे दोन पिंप आणि फावडे घेऊन वर गेले. पिंप त्यांनी स्वतःहून घेतले होते, हे लिहून घ्यावे अशी माझी विनंती आहे.

दोन वाजून शेहेचाळीस मिनिटांनी मला चौकीतून धूर दिसला. गवताचा धूर पांढरा असतो. हा काळा होता आणि आडवा धावत होता. दूरध्वनी माझ्या उजव्या हाताला, टेबलावर होता. मी दूरध्वनी उचलला नाही. मी अंगणात पेटीकडे गेलो, वात चिमटीत धरली. टोक ओले होते आणि फुग्यापाशी वात कोरडी ठक्क होती. मी ती सोडली, जुनी वात केराच्या डब्यातून शोधून धुतली, बांधली, भिजवली आणि पारा उतरून स्थिर होईपर्यंत उभा राहिलो. ओला पारा आठ. वजाबाकी अकरा. लाल, आणि तोही अगदी टोकाचा.

नंतर मी वहीतल्या पंधराचे आठ केले, चाराचे अकरा केले. मग पळत फाट्यावर जाऊन काटा लालवर फिरवला. त्या वेळी मी स्वतःला असे सांगितले की, हे बाकीच्या लोकांना सावध करण्यासाठी आहे. फाट्यावर त्या वेळी चिटपाखरू नव्हते. चौकीत परत येऊन मी अग्निशमन केंद्राला फोन केला. त्यांच्या वहीत वेळ तीन वाजून चार मिनिटे अशी आहे. ती बरोबर आहे.

बागेच्या वर निवृत्त शिक्षिकाबाईंचे घर होते. वय एक्याऐंशी. दुपारी दोन ते चार त्या झोपत असत, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्या वेळात दार वाजवणाऱ्याला त्या अजूनही उठाबशा काढायला लावीत. मला वजाबाकी त्यांनी शिकवली. घराने तीन वाजून दहा मिनिटांनी पेट घेतला. अग्निशमनची गाडी केंद्रातून निघून अठरा मिनिटांत वर पोचली, तीन वाजून बावीसला. बाई आतल्या दारापाशी सापडल्या. मी धूर दिसताच फोन केला असता तर गाडी तीन वाजून चार मिनिटांनी तिथे असती. ही वजाबाकी मी पुष्कळदा करून पाहिली. ती दर वेळी बरोबर येते.

भावोजी त्या घराकडेच धावत होते. त्यांचे दोन्ही तळहात भाजले आहेत.

शुक्रवारी मला विचारण्यात आले. मी सांगितले की, काटा सव्वा वाजल्यापासून लालवर होता आणि धूर दिसताच मी फोन केला. या त्या दोन खोट्या गोष्टी. वातीबद्दल मी काहीच बोललो नाही. ठाण्याच्या साहेबांनी नोंदवही पाहिली आणि म्हणाले, "तुमची वही चोख असते, पारासाहेब." संध्याकाळी भावोजींना आणण्यात आले.

रविवारी डबा द्यायला मला आत सोडले. त्यांचे हात बांधलेले होते, म्हणून मी त्यांना घास भरवले. जाताना कोणाचे लक्ष नाही असे पाहून ते हळूच म्हणाले, "मी पाटी बघितलीच नाही, असं लिहून दिलंय. तू आता गप्प बस."

मी विचारले, "असं का केलंत?"

"माझी बाग गेलीच आहे, मला आता आणखी कोण काय करणार? तुझी नोकरी गेली तर तू जाशील कुठे? आमच्याच घरी येऊन बसशील आणि रोज सकाळी मला हवा सांगशील. त्यापेक्षा कोठडी बरी."

ते हसले. मला हसू आले नाही. मी रिकामा डबा घेऊन बाहेर आलो आणि मला सुटल्यासारखे वाटले, हेही लिहून घ्यावे. दोन दिवस मी त्या सुटकेत राहिलो. जेवलो, झोपलो, रोज एक वाजता पाऱ्याचे आकडे लिहिले.

काल बहिणीकडे गेलो. दुकानदाराने तिच्याकडे पाठ केली आणि शेजारीण अंगणात उभी राहून ऐकू जाईल असे बोलली, हे मला दुसऱ्यांकडून कळले होते. ती म्हणाली, "पाटी बघितल्याशिवाय ते काडी ओढणारे नाहीत. तीस वर्षं बघते आहे मी. तू तर फाट्यावरच होतास. तूच सांग, असं होईल का?"

मी म्हणालो, "घाईत होतं असं माणसाकडून, ताई."

तिने मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवून तिने नवऱ्यावरचा थोडासा काढून घेतला, असे मला समोर बसून दिसले. आजवर खोटे मी कागदाला सांगितले होते, ते निभले. हे निभले नाही. रात्रभर विचार केला वगैरे काही नाही; मी झोपलो, आणि सकाळी उठून पेटीचे दारही न उघडता खाली आलो. येताना वाटेत तिला म्हणालो, "ठाण्यात चल." कशाला ते सांगितले नाही.

गेल्या आठवड्यातल्या सोमवारची खळ असलेली वात लिफाफ्यात घालून सोबत आणली आहे, ती ताब्यात घ्यावी. नोंदवहीत खाडाखोड कुठे आहे ते दाखवून दिले आहे. उजेडासमोर पान धरले तर खालचे पंधरा अजून दिसतात. भावोजींनी पाटी पाहिली होती, दोनदा विचारले होते आणि थांबायची तयारी दाखवली होती. त्यांना मी पाठवले.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे ठेवून वाचावा अशी मी विनंती केली होती, कारण बहीण बाहेर बाकावर बसली आहे आणि तिला तोंडाने सांगणे मला जमले नाही. वाचताना, वही बदलली त्या ठिकाणी 'अनवधानाने' असा शब्द निघाला. तो हवालदारांनी भल्या मनाने घातला होता. मी तो खोडायला लावला. वातीपुरता तो चालला असता.

वाचून संपल्यावर बहीण दारात आली. ती भावोजींबद्दल काही बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "बाईंचं घर किती वाजता पेटलं म्हणालास?"

ते वर लिहिलेले आहे. तरी मी तिच्याकडे बघून पुन्हा सांगितले, तीन वाजून दहा मिनिटांनी.

"आणि धूर दिसल्यापासून फोन करेपर्यंत तू काय करत होतास?"

तेही मी सांगितले. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे, खरा आहे, आणि तिच्यासमोर मी त्यावर सही करीत आहे.