पेट्रोलचा आकडा वहिनींच्या मोबाइलवर

सतीशच्या बोटीचं तुम्हाला सांगितलं का? पानशेतच्या बॅकवॉटरला त्याची एक जुनी मोटारबोट असते. तिच्या इंजिनाला पेट्रोलचं मीटर बसवायचं की नाही, यावर आम्ही दोघांनी कर्वेनगरात त्याच्या घरी बसून महिनाभर खल केला. फायदा हा की टाकीत काठी बुडवून बघायला नको. धोका हा की पेट्रोलची नळी कापून मध्ये मीटर जोडायचं, आणि जोड गळला तर आग. शेवटी बसवलं. आकडा मोबाइलवर दिसतो, पण सतीशचा मोबाइल जुनाट, म्हणून अ‍ॅप टाकलं वहिनींच्या मोबाइलवर.

परवा आम्ही दोघं बोटीत ऐन पाण्याच्या मधोमध असताना वहिनींचा घरून फोन आला. सतीशने स्पीकर लावला.

"अहो, एकच लिटर उरलंय. परत फिरा."

"मला कळतं. बोट मी चालवतोय."

"पाऊण."

"तू स्वयंपाकघरात बसून मला धरणातलं सांगू नकोस."

"अर्धा. रागावलात की जोरात चालवता. स्कूटरवरही तेच."

सतीशने खरंच जोर वाढवला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात सुकाणू, त्यामुळे बोट जागच्या जागी गोल गोल फिरत होती.

मी म्हटलं, "अरे, काठाकडे वळव."

"थांब, आधी हिला उत्तर देतो."

तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

वहिनी अगदी निवांतपणे म्हणाल्या, "हं, आता बोला. आता पेट्रोल जळत नाहीये."