गॅलरीतली सळई

अंबडच्या बसस्थानकावर जालन्याच्या गाडीची वाट बघत माझ्या शेजारी एक गवंडी बसला होता. सोबत आर्किटेक्चर शिकणारी त्याची लेक होती.

"आबा, परवा सरांनी गॅलरी शिकवली. एका बाजूनं भिंतीत धरलेली, पुढून मोकळी."

"त्यात काय शिकायचं? आम्ही लई टाकल्या."

"ही पट्टी बघा. एक टोक मी घट्ट धरते, दुसऱ्यावर बोट दाबा. ताण कुठं आला?"

"वरच्या अंगाला."

"काँक्रीट ताणानं फाटतं. म्हणून गॅलरीत सळई वरून पाहिजे."

"स्लॅबला तर खालून असती."

"स्लॅब दोन्हीकडं टेकलेला असतो आबा. गॅलरीचं उलटं. तुम्ही कुठून टाकली?"

"खालूनच. उस्तादानं तसंच दाखवल्तं."

"सगळ्या गॅलऱ्यांना?"

"बाकीच्यांना खांब हायेत. तीर्थपुरीच्या दुर्गाबाईची तेवढी मोकळी हाय. तिची नातवंडं तिथंच खेळतेत."

"फोन लावा, आबा."

"काय सांगू तिला? माझं काम चांगलं म्हणून गावभर सांगती ती."

"आबा."

"लावतो... दुर्गाबाई, मच्छिंद्र गवंडी बोलतो. गॅलरीत कोण हाय? लेकरं आत घ्या जल्दी, दाराला कुलूप लावा. न्हाई, तडा गेला न्हाई. चूक माझ्या हातून झाली. आत्ता निघतो, आल्यावर खालून टेकू लावतो."

"मी येऊ का सोबत?"

"न्हाई माय, तुझी गाडी लागली. तू जा. सर आणखी काय शिकवतेत ते नीट ऐक, अन् मला सांगत जा."