गावाचं जुनं नाव

माझा जन्म दाभोळचा, खाडीकाठचा, बाप होडीवर होता न् मी मोठ्या बोटीवर लागलो, इंजिनरूममधे ऑइलर, आता लेकाकडे परदेशात, पासिर रिसला असतो, लिफ्टनं खाली उतरलं की समुद्र पायाखाली, पण काय सांगू तुम्हाला, मी समुद्राकडे तोंड करून बसत नाही.

सदू आमचा शेजारी. त्याला बोटीवर मीच लावला. एका खेपेला आम्ही पार उत्तरेला गेलो, धान्य न् तेल पोचवायला. पंधरा-वीस घरं न् एक जुनी वखार, कातड्यांची हो, तिथले लोक कोल्ह्यांची केसाळ कातडी आणायचे न् गोऱ्यांची कंपनी बदल्यात पीठ, बंदुका द्यायची. कंपनीनंच गावाला आपल्या साहेबाचं नाव दिलेलं, त्या साहेबानं तिथं पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं म्हणे. नकाशावर तेच नाव.

तिथं सदू गेला. छातीत कळ आली न् संपला. पाणी गोठायच्या आत बोट निघायला हवी, अन् त्या मुलखात झाड म्हणून नाही, जाळायला लाकूड कुठनं आणू? पुरला. बोटीतल्या एका फळीवर पांढऱ्या रंगानं त्याचं नाव मी लिहिलं, मराठीत. तेव्हा तिथली एक म्हातारी मोडक्या इंग्रजीत सांगत होती, वखारीच्या आधीपासून गावाचं नाव वेगळंय बाबा, बर्फ सुटायची वाट बघायची जागा असा अर्थ त्याचा. मी मान डोलावली न् सदूच्या घरी पाठवलेल्या पत्रात नकाशावरचं नाव लिहिलं. बोटीवर शिस्तच तशी, नकाशात असेल ते खरं.

पुढं त्या लोकांनी साहेबाचं नाव पुसलं न् आपलं जुनं लावलं. मला काय ठाऊक? सदूच्या बायकोनं लेकीकडून तिथं पत्रं लिहून घेतली, ती परत आली, असं गाव नाही म्हणून. वहिनी म्हणाली, गावच नाही तर माणूस मेला कुठं? कुंकू पुसलंच नाही तिनं. लोक वेडी म्हणाले. मला म्हातारी आठवत होती, खोटं कशाला बोलू, पण ते जुनं नाव विसरलो हे सांगायची लाज वाटली. इतकी वर्षं गप्प बसलो मी.

यंदा सदूची लेक नंदा नोकरीला इथं आली, सेरंगूनला राहते. घरी आली तेव्हा तिला सगळं सांगून टाकलं. नातीनं साहेबाचं नाव फोनवर शोधलं, इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, आजोबा, दे चेंज्ड द नेम लाँग अगो लाह. गावाला मेल केला न् त्यांनी फोटो पाठवला. फळी कलली होती, रंग उडाला होता, पण अक्षर माझंच.

नंदानं दाभोळला फोन लावला. वहिनीला गावाचं जुनं नाव मी दोनदा सांगितलं, अर्थ सांगितला, चूक माझी म्हणालो. मग म्हणाली, भाऊजी, थंडी फार असते का हो तिथं?

मी म्हटलं, असते. पुढं कुंकवाचं विचारायचं धाडस झालं नाही माझं. आता रोज देवापुढं बसलो की त्या गावाचं नाव घेतो, त्यांचंच, जुनं. सुखी राहोत ती माणसं, आमचा सदू सांभाळलाय त्यांनी.