मानेच्या इलाजाचं पाणी

हसू नका गं, माझी मान अजून दुखते आहे. मानेतून निघालेली कळ थेट करंगळीपर्यंत जायची आणि भाकरी थापताना हात बधिर व्हायचा. शहाद्याच्या डॉक्टरांनी चामड्याचा पट्टा दिला. तो हनुवटीखाली अडकवायचा, त्याची दोरी आढ्याच्या कप्पीवरून घ्यायची आणि दुसऱ्या टोकाला चार शेर वजन टांगायचं, म्हणजे दबलेली शीर मोकळी होते. "आणि डोक्यावर ओझं अजिबात नको," असं त्यांनी दोनदा बजावलं.

घरी आमच्या मालकांनी वजन म्हणून पाण्याची कळशी टांगली. पाणी कमीजास्त करता येतं म्हणे! इलाज झाला की सासूबाई ते पाणी म्हशीला पाजायच्या. मग दुसऱ्या दिवशीच्या इलाजाला पाणी कोण आणणार? मीच, नदीवरून, डोक्यावर!

महिन्याने पुन्हा गाडी जुंपून गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "डोक्यावर काही घेत नाहीत ना?"

मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले, "नही साहेब, काहीच नही. फक्त या इलाजनं पाणी आणस."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, मग ते तुम्ही आणा!"

"बाप्या माणूस डोकावर कळशी लिसन गया, तं गाव हासी ना!"

माझं डोकंच फिरलं. डॉक्टरांसमोरच म्हटलं, "आजपासून वजनले वरवंटा टांगा. म्हैसले चार पाय शेतस, ती नदीवर जाई. तुमले दोन शेतस. तहान लागनी, तं तुम्ही बी जा!"